दोनशे गुंठे, 180 फ्लॅट: हरकत कुठं आणि कशी घ्यायची?

प्रश्न: आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, नगरपरिषदेचं. कॉलनीला लागून दोनशे गुंठे उसाची जमीन आहे, कडेनं ओढा. तिथं 180 फ्लॅटांचा प्रकल्प येतोय आणि येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय आहे, असं नगरसेवकांनी सांगितलं. आम्हाला पाणी एक दिवसाआड येतं. 2019 ला आणि 2021 ला त्या जमिनीच्या ओढ्याकडच्या अंगाला कमरेएवढं पाणी होतं. कॉलनीत दोन तट पडलेत. काहींना प्रकल्पच नको, काही म्हणतात, आमच्या पोरांना घरं कुठं मिळणार? नगरसेवक म्हणतात, ‘निवेदन द्या, बघतो.’ निवेदनात काय लिहायचं? सभेत आम्हाला बोलता येईल का? (एका कॉलनीच्या सचिव)

उत्तर: ताई, नमस्कार.

निवेदन लिहायला बसण्याआधी सभेची विषयपत्रिका मिळवा. ‘प्रकल्पाचा विषय’ हे शब्द नगरसेवकांचे आहेत. पत्रिकेवर काय छापलंय ते वेगळं असू शकतं, आणि तुमची सगळी दिशा त्या एका ओळीवर ठरणार आहे.

कारण असं, की रहिवास विभागातल्या जमिनीवर इमारत बांधायला परवानगी द्यायची की नाही, यावर सभागृहात हात वर होत नाहीत. तो निर्णय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 खाली होतो. नगररचना शाखा नकाशे नियमावलीशी ताडून बघते आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं परवानगी निघते. मग सभेपुढं काय येतं? बहुधा चारपैकी एक गोष्ट. ‘गट नंबर अमुकमधील क्षेत्र शेती विभागातून रहिवास विभागात समाविष्ट करणे’ असं लिहिलं असेल तर तो विकास योजनेतला फेरबदल, कलम 37. ‘आरक्षण वगळणे’ असेल तरी तेच कलम. ‘रस्ता व खुली जागा ताब्यात घेणे’ असेल तर तो हस्तांतराचा विषय. आणि ‘वाढीव जलवाहिनी टाकणे’ असेल तर नगरपरिषदेचा पैसा कुणासाठी खर्च होणार, हा प्रश्न. चारही ठिकाणी हरकतीचा मजकूर वेगळा आणि ती द्यायची जागाही वेगळी.

जमीन खरंच नगरपरिषदेच्या हद्दीत आहे ना, हेही त्याच वेळी पाहा. कोल्हापूर शहराभोवतालची 42 गावं 2017 पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं आहेत. तिथल्या जमिनीची फाइल नगरपरिषदेत येतच नाही, आणि हद्दीलगत राहणारे लोक भलत्याच कार्यालयात हेलपाटे घालत राहतात.

पत्रिका हातात आली की नगररचना शाखेत त्या गट नंबरचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागा. कुणीही अर्ज करून शुल्क भरून घेऊ शकतो, जमीन आपली असावी लागत नाही. दाखल्यात ‘शेती’ असेल तर तुमच्या हातात मोठं हत्यार आहे. ‘रहिवास’ असेल तर ‘प्रकल्पच नको’ म्हणणाऱ्यांना आजच समजावून सांगा की तो रस्ता बंद आहे. मालकाचा बांधायचा हक्क कायद्यानं आधीच मान्य केलाय. ‘आमच्या कॉलनीची शांतता जाईल’ या कारणावर परवानगी नाकारता येत नाही, आणि नाकारली तर अर्जदार कलम 47 खाली शासनाकडं अपील करतो. शेजाऱ्याला ते अपील नाही.

### कलम 37 असेल तर

सभेतला ठराव ही इथं सुरुवात असते. ठरावानंतर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, हरकतदारांची सुनावणी होते, मग अहवालासह प्रस्ताव शासनाकडं जातो. मंजुरीची शेवटची सही नगरविकास विभागाची. म्हणजे सभेच्या दिवशी गोंधळ घालून दमण्यात अर्थ नाही. जोर लावायचा तो नोटिशीनंतरच्या महिन्यात. नेमकी हीच नोटीस लोकांच्या नजरेतून सुटते: आतल्या पानावर, बारीक टायपात. कॉलनीतल्या एकाला रोज जाहिराती चाळायचं काम लावा आणि पंधरवड्यातून एकदा नगररचना शाखेत विचारून यायला सांगा.

महिन्याच्या आत हरकत प्रत्येकानं स्वतंत्र द्यावी. दोनशे सह्यांचं एक निवेदन एकच हरकत म्हणून गणलं जाण्याची शक्यता असते आणि सुनावणीला एकाच माणसाला बोलवतात. वीस घरांनी आपापला घर नंबर, आपलं घर त्या गटापासून किती अंतरावर आहे ते आणि ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ ही ओळ लिहून दिली, तर वीस जणांचं म्हणणं नोंदवून घ्यावं लागतं. मजकूर मात्र छापील साच्यातला नको. ओढ्याकाठच्यानं पुराबद्दल लिहावं, पाणंदीवरच्यानं रस्त्याबद्दल, टाकीपासून लांब राहणाऱ्यानं पाण्याच्या दाबाबद्दल.

### पुराचं पाणी

तुमच्या पत्रात सगळ्यात वजनदार गोष्ट हीच आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे बातम्यांत ऐकून ऐकून जिल्ह्याला पाठ झालेत: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा 55 च्या वर. पण हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे. तुमच्या ओढ्याकाठच्या जमिनीला ते लागू होत नाहीत. तुमचं गाव दूधगंगेवर, वेदगंगेवर किंवा हिरण्यकेशीवर असेल तर मुळीच नाहीत. हरकतीत ‘55 फूट पाणी आलं होतं’ लिहिलं की अधिकारी मनात हसतो आणि कागद बाजूला ठेवतो. लिहायची ती समुद्रसपाटीपासूनची पातळी, मीटरमध्ये.

पाटबंधारे विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांवरून निळी रेषा ठरते. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून लाल. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (डिसेंबर 2020 पासून लागू) नियम स्पष्ट आहे: नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बाग, मैदान, वाहनतळ अशा मोकळ्या वापरांखेरीज नवं बांधकाम नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंचीवर. आणखी एक पोटनियम बहुतेकांना ठाऊक नसतो. जमिनीचा काही भाग पूररेषेत गेला तरी त्या भागाचं चटईक्षेत्र (सगळे मजले मिळून बांधायला मिळणारं क्षेत्रफळ) उरलेल्या भागात वापरायला देता येतं. म्हणजे पूररेषा दाखवून तुम्ही फ्लॅटांची संख्या कमी करालच असं नाही, त्याच इमारती तुमच्या कुंपणाकडं सरकून उंच होऊ शकतात. हे कॉलनीत आधी बोलून घ्या.

आता घोळ कुठं होतो ते. नकाशावर जमिनीच्या चढउताराच्या पातळ्या लिहिलेल्या असतात: 99.20, 100.45, 101.10 वगैरे. असे आकडे दिसले की समजायचं, सर्व्हेअरनं एखाद्या दगडाला किंवा मोरीच्या कठड्याला ‘100’ धरून मोजणी केली आहे. बांधकामाच्या कामाला ते चालतं. पण पूररेषेची पातळी असते समुद्रसपाटीपासूनची, पाचशेच्या घरातली. दोन आकडे एका भाषेत नसतील तर जोतं लाल रेषेच्या वर आहे की खाली, हे कुणालाच सांगता येत नाही. तरीही नकाशावर ‘पूररेषेबाहेर’ असा शिक्का बसलेला असू शकतो. म्हणून हरकतीत पहिली मागणी ही लिहा:

‘गट नंबर अमुकच्या समपातळी नकाशातील पातळ्या समुद्रसपाटीशी जोडलेल्या आहेत काय, त्यासाठी कोणता बेंचमार्क वापरला, आणि पाटबंधारे विभागाने या गटासमोर निळ्या व लाल रेषेची पातळी किती मीटर दिली आहे, हे नकाशावर नमूद करूनच प्रस्तावावर निर्णय घ्यावा.’

जोडीला पुरावा द्या. 2019 आणि 2021 चे मोबाइलमधले फोटो मूळ फाइलसकट जपून ठेवा, त्यात तारीख असते. कुणाच्या भिंतीवर, मीटरपेटीवर, विजेच्या खांबावर पाण्याची खूण राहिली असेल तर तिथं रंगानं रेघ मारून, खासगी सर्व्हेअरकडून त्या रेघेची पातळी काढून घ्या. मशीन लावून दोन तासांचं काम आहे, खर्च कॉलनीत वाटून परवडतो. ‘कमरेएवढं’ या शब्दापेक्षा तो एक आकडा सुनावणीत जास्त टिकतो.

ओढ्याचं मात्र वेगळं पाहावं लागतं. नदीची पूररेषा आखलेली असते, ओढ्याची बहुतेक वेळा नसते. नदी फुगली की ओढ्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलट मागं सरकतं आणि शिवारात पसरतं. तुमच्याकडं झालं ते बहुधा हेच. त्यामुळं ‘ही जमीन नदीच्या पूररेषेत नाही’ हे उत्तर खरं असूनही अपुरं असू शकतं. ओढ्याची मूळ रुंदी भूमी अभिलेखच्या नकाशावर किती आणि जागेवर किती, याची मोजणी मागा.

आणि भराव. नियम जोतं उंच करा म्हणतो, अख्खी जमीन उंच करा असं म्हणत नाही. पण भराव टाकणं सोपं पडतं. एक हेक्टरवर दीड मीटर मुरूम टाकला तर 15,000 घनमीटर, सुमारे 5,300 ब्रास. तीन ब्रासच्या डंपरनं साडेसतराशेच्या वर फेऱ्या, तुमच्याच रस्त्यावरून. तेवढ्या जागेत पूर्वी मावणारं दीड कोटी लिटर पाणी मग आजूबाजूला जागा शोधतं. म्हणून मागणी अशी करा: इमारती खांबांवर, तळमजला मोकळा ठेवून पार्किंगसाठी, ओढ्याच्या बाजूला भरीव कंपाउंड भिंत नको, जाळी, भरावाची कमाल उंची परवानगीपत्रात लिहिलेली असावी, मुरूम कुठून आणणार त्याचा तहसील कार्यालयाचा गौण खनिज परवाना जोडलेला असावा. बांधणाऱ्याला यातलं काही फार जड जात नाही, म्हणून अशा अटी मान्य व्हायची शक्यताही चांगली असते.

### पिण्याचं पाणी आणि सांडपाणी

‘आम्हालाच पाणी नाही, त्यांना कुठून देणार’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं आणि त्याला प्रत्येक वेळी ‘विकसकाने हमीपत्र दिले आहे’ एवढंच उत्तर मिळतं. हमीपत्रात लिहिलेलं असतं की पाण्याची सोय तो स्वतः करील, म्हणजे बोअर आणि टँकर. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, सोसायटी झाली, की तीच 180 कुटुंबं करदाते म्हणून नळजोडणी मागतात आणि नगरपरिषदेला ती द्यावीच लागते. तेव्हा आकडा आजच मांडा. 180 फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली तर 900. माणशी रोज 135 लिटर धरून 1,21,500 लिटर. एक दिवसाआड पुरवठा असेल तर साठवण दुप्पट, म्हणजे जवळजवळ अडीच लाख लिटरची.

नवख्यांना न दिसणारी अडचण त्या साठवणीतच आहे. जमिनीखालच्या मोठ्या टाकीचं तोंड तुमच्या नळांपेक्षा खाली. पाणी सुटलं की ते आधी तिकडं धावणार, आणि त्याच जलवाहिनीवरच्या वरच्या गल्लीत नळाला नुसती हवा येणार. उपाय दोन आहेत: संकुलाला उंच टाकीपासून स्वतंत्र वाहिनी, किंवा जोडणीवर प्रवाह बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह आणि मीटर. पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारा: आमच्या भागाची टाकी किती लिटरची, सध्या तिच्यावर किती जोडण्या, वाहिनी किती मिलिमीटरची? ही माहिती नगरपरिषदेच्या दप्तरी असायलाच हवी. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तर तेही जोडा.

पाण्याच्या सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं. इथं रोज 97,000 लिटरच्या आसपास. गावात भुयारी गटार नसेल तर हे ओढ्यातच जाणार, मग नदीत. नकाशावर प्रक्रिया केंद्र दाखवलेलं असेल, आणि ते सहसा उभंही राहतं. बंद पडतं ते नंतर: वीजबिल, ऑपरेटरचा पगार, आणि सुरुवातीला निम्मेच फ्लॅट भरलेले असल्यानं जिवाणूंना पुरेसं खाद्य न मिळणं. केंद्राला वेगळा वीजमीटर, सोसायटीच्या ताब्यात जाईपर्यंत चालवण्याची जबाबदारी विकसकाची, आणि प्रक्रिया झालेलं पाणी पावसाळ्यात कुठं सोडणार याचा नकाशा, या तीन अटी मागा.

पावसाच्या पाण्याचा हिशेब थोडक्यात. दोनशे गुंठे म्हणजे साधारण 20,000 चौरस मीटर. तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 10 लाख लिटर. ढोबळमानानं उसाच्या रानातून त्यातलं तिसरा हिस्सा लगेच वाहतं, छप्पर आणि पेव्हरवरून पाऊण हिस्सा. जुलैअखेरीस रान चिंब भिजलेलं असतं तेव्हा हा फरक कमी होतो, खरा तडाखा वळवात बसतो. तुमच्या कॉलनीची गटारं त्या बाजूला उतरत असतील तर हे पाणी तुमच्याकडं तुंबेल. वेगळी पावसाळी गटार मागा.

### रस्ता, खुली जागा, पर्यावरण

विकास योजनेत 12 मीटर रस्ता आणि जागेवर पाणंद, हा प्रकार आपल्याकडं नवा नाही. किती मजले चढणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, म्हणून ती रुंदी कागदावरची आहे की ताब्यातली, हे विचारा. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या सातबाऱ्यांवर नगरपरिषदेचं नाव लागलंय का ते पाहिलं की कळतं.

चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमच्या गटात सुमारे 2,000 चौरस मीटर. ती ओढ्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीत ढकललेली नाही ना, एवढं नकाशावर बघा.

बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. इथं चटईक्षेत्र मोजत नाहीत, झाकलेलं पार्किंगसुद्धा धरतात. नकाशावर 14,000 दिसलं म्हणून सुटलो असं नाही. प्रकल्प ‘टप्पा एक’ आणि ‘टप्पा दोन’ असा तोडलाय का, तेही पाहा. या वर्गातल्या प्रकल्पांना जनसुनावणी नसते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडं 30 दिवसांत जावं लागतं.

### सभेत बोलण्याबद्दल

नागरिकाला सभागृहात बोलण्याचा हक्क नाही. प्रेक्षक म्हणून बसता येतं, बोलायचं ते नगरसेवकांच्या तोंडून. ‘बघतो’ म्हणणाऱ्या नगरसेवकांना चार पानी निवेदन देऊ नका. एका कागदावर तीन प्रश्न द्या: पातळ्या समुद्रसपाटीशी जोडल्या आहेत का; पाणीपुरवठा विभागाचा लेखी अभिप्राय फाइलीत आहे का; रस्ता ताब्यात आहे का. आणि विनंती करा की प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तात घ्यावेत. इतिवृत्तात न आलेलं भाषण पुढं कुठंच कामाला येत नाही, कितीही टाळ्या पडल्या तरी.

निवेदन नगरसेवकांच्या हातात देऊन थांबू नका. ते मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक टपालात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. ठराव बेकायदा वाटला तर नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथं जाताना ठरावाची प्रत हवी, बातमीचं कात्रण नाही.

फाइल बघायला माहितीचा अधिकार वापरा: 10 रुपये शुल्क, एका अर्जात एक विषय, 150 शब्दांच्या आत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं न लिहिता ‘फाइलीचे अवलोकन करू द्यावे व मी निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. उत्तराला 30 दिवस लागतात, तोवर सभा होऊन जाईल. म्हणून आधी सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात अभिलेख पाहण्याची जी सोय शासनानं दिली आहे ती मागून बघा.

काही जण सुचवतील की नुसता वेळ काढू. तसं करू नका. अर्ज पूर्ण असून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव नियमांत बसत असल्यास, परवानगी मिळाल्याचं कायदा मानतो. मग तुमच्या एकाही अटीला जागा उरत नाही. न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पण चौथा स्लॅब पडल्यावर गेलात तर ‘इतके दिवस कुठं होता’ हाच पहिला प्रश्न असेल.

दोन तटांबद्दल एवढंच, की ज्यांना पोरांसाठी घरं हवीत त्यांनाही वरच्या अटींचा फायदाच आहे. त्यांच्यातलं कुणी आत्ताच बुकिंगची रक्कम देत असेल तर आधी महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक विचारायला सांगा. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही.

परवानगी अटींसह निघाली, तर तिची प्रत घेऊन जोते तपासणीची वाट पाहा. जोत्यापर्यंत काम आलं की नगरपरिषदेचा अभियंता जागेवर येतो. त्या आठवड्यात अर्ज द्या की जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजून प्रमाणपत्रावर लिहावी, आणि तुमच्या सर्व्हेअरनं काढलेला भिंतीवरच्या रेघेचा आकडा सोबत जोडा.